घटस्फोट आणि पोटगी: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

पोटगीबद्दलचे प्रश्न बहुधा एका ओळीत येतात आणि त्या ओळीतच निम्मी माहिती चुकीची असते. कुणीतरी सांगितलेलं असतं की नोकरी असेल तर काही मिळत नाही, कुणी सांगितलेलं असतं की निम्मा पगार मिळतो. खाली तेच प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या न्यायालयांचा रिवाज धरून आहेत. कोर्टाच्या कागदांवर 'खावटी' किंवा 'निर्वाह भत्ता' असं दिसलं तरी ती पोटगीच.

१. वकील तीन-तीन कायद्यांची नावं घेतात. पोटगी नेमकी कोणत्या कायद्याखाली मागायची?

तिन्ही नावं बरोबर असू शकतात. पहिला रस्ता सगळ्या धर्मांना सारखा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, म्हणून कोर्टाच्या आवारात अजूनही सगळे 'एकशेपंचवीसची केस' असंच म्हणतात. या कलमात 'पत्नी' म्हणजे घटस्फोट झालेली, पण पुन्हा लग्न न केलेली स्त्रीसुद्धा.

दुसरा रस्ता ज्या कायद्याने लग्न झालं त्या कायद्याचा. हिंदू विवाह कायदा, १९५५ (तो बौद्ध, जैन आणि शीख विवाहांनाही लागतो) यात कलम २४ खाली दावा चालू असतानाची तात्पुरती पोटगी आणि कलम २५ खाली कायमची पोटगी मिळते. नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम ३६ आणि ३७. ख्रिस्ती आणि पारशी विवाहांचे कायदे वेगळे आहेत, त्यांतही पोटगीची तरतूद आहे.

तिसरा रस्ता कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, २००५. छळ झाला असेल तर त्यात पोटगीबरोबर घरभाडं आणि नुकसानभरपाईही मागता येते. दोन ठिकाणी अर्ज केले तर काय होतं ते प्रश्न १३ मध्ये.

२. मी माहेरी राहते. केस सासरच्या गावी जाऊन करावी लागेल का?

नाही. तुम्ही आज जिथे राहता तिथे करता येते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज त्या न्यायालयात, नसेल तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

खर्चाची भीती बऱ्याच जणींना असते. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा नंबर १५१००.

३. पगाराच्या किती टक्के पोटगी मिळते?

ठरलेला टक्का कायद्यात कुठेही नाही. लोकांच्या तोंडी '२५ टक्के' असतं ते २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे. त्या प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी योग्य मानली होती. कोर्टात तो आकडा आधाराला घेतला जातो, पण कमी-जास्त होतोच.

न्यायाधीश काय बघतात? दोघांचं उत्पन्न, लग्नानंतरचं राहणीमान, मुलं कुणाकडे, भाडं, शाळेची फी, आजारपण, नवऱ्यावर अवलंबून असलेले म्हातारे आईवडील. हातात येणारा पगार धरताना आयकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी वजा होतो. घटस्फोटाची नोटीस आल्यावर अचानक घेतलेलं कारचं कर्ज, वाढवून घेतलेली पीएफची कपात किंवा सोसायटीचा हप्ता साधारणपणे वजा धरला जात नाही. पगारपत्रकावर निव्वळ रक्कम ९,००० दिसत असेल तर ती तेवढी का उरली हे वरच्या कपातींच्या रकान्यात वाचायचं.

४. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते की निकालाच्या?

अर्जाच्या तारखेपासून. पूर्वी यात एकवाक्यता नव्हती, एखादं कोर्ट निकालाच्या तारखेपासून द्यायचं आणि मधली तीन-चार वर्षं हवेत जायची. ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा गोंधळ संपवला. ते प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. 'आधी समजुतीने बघू, नाही जमलं तर कोर्टात जाऊ' असं म्हणत गेलेले महिने परत येत नाहीत. अर्ज केला म्हणून समजुतीची बोलणी थांबत नाहीत, उलट कोर्टातले समुपदेशक आणि मध्यस्थ तीच करतात.

निकाल लागेपर्यंत तात्पुरती पोटगी मागा. नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत तिचा निर्णय शक्यतो व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण अर्जच केला नसेल तर कुणी आपणहून देत नाही.

५. उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र म्हणजे काय? ते खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

माझ्या मते पोटगीची केस निम्मी इथेच जिंकली किंवा हरली जाते. वर सांगितलेल्या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंनी ठरलेल्या नमुन्यात हे शपथपत्र देणं सक्तीचं आहे. शिक्षण, नोकरी, पगार, बँक खाती, जमीन, दागिने, विमा, कर्जं, दरमहा खर्च, मुलांचा खर्च, सगळं त्यात येतं. खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्याची कारवाई होऊ शकते.

बायका आपलं शपथपत्र घाईत भरतात. खर्चाच्या रकान्यात 'घरखर्च २०,०००' असं एका ओळीत लिहून मोकळ्या होतात आणि समोरचा वकील उलटतपासणीत विचारतो, कशाचे वीस हजार? त्यापेक्षा घरभाडं ७,५००, रिक्षा १,८००, मुलाची ट्यूशन २,०००, आईच्या मधुमेहाच्या गोळ्या १,१०० असं लिहा, आणि पावत्या असतील तेवढ्या जोडा.

समोरच्याचं शपथपत्र वाचताना उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ बघा. समजा एखाद्याने दुकानाचं उत्पन्न महिन्याला ८,००० लिहिलंय आणि त्याच शपथपत्रात गाडीचा हप्ता ११,००० दाखवलाय. मग तुम्हाला वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही, त्याचाच कागद त्याच्याविरुद्ध बोलतो. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, फॉर्म १६ हजर करायला लावावेत असा अर्ज कोर्टात करता येतो, आणि मालकाकडून पगाराची माहितीही कोर्टामार्फत मागवता येते.

६. नवऱ्याने केस दाखल झाल्यावर नोकरी सोडली. आता कोर्ट शून्य धरणार का?

नाही. सुदृढ माणूस 'मला उत्पन्न नाही' म्हणून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना पोसणं ही त्याची जबाबदारी आहे. कोर्ट मग त्याची शैक्षणिक पात्रता, आधीचा पगार आणि त्या धंद्यात सध्या काय मिळतं ते बघून अंदाजे उत्पन्न धरतं.

शेतकरी कुटुंबात हे जास्त घडतं. 'पाऊस नाही, काही पिकलं नाही' हे कधी खरं असतं, कधी नसतं. सातबारा आणि आठ-अ चे उतारे, ऊस जात असेल तर साखर कारखान्याची बिलं, दूध संघाचे दहा दिवसांचे हिशोब, बाजार समितीतल्या आडत्याच्या पट्ट्या गोळा करा. सातबाऱ्यावरची पीक नोंद आणि त्याचं म्हणणं जुळत नसेल तर ते नोंदवून दाखवा.

७. सगळी जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. नवऱ्याच्या नावावर काहीच नाही. मग?

घटस्फोटित सुनेची पोटगी देण्याची जबाबदारी सासऱ्यावर नसते. विधवा सुनेबाबत १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण तो विषय निराळा.

म्हणून हात टेकायचे नाहीत. जमीन वडिलोपार्जित असेल तर नाव कुणाचंही असो, त्यात नवऱ्याचा हिस्सा असतो आणि पोटगी ठरवताना तो विचारात घेता येतो. मुलाला किंवा मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हक्क असतो. तो मागायचा तर वाटपाचा वेगळा दिवाणी दावा लागतो, पोटगीच्या अर्जात तो मिळत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालची पोटगी नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा म्हणून चढवून मागता येते, आणि तो बोजा सातबाऱ्यावर नोंदवून घ्यावा. केस सुरू झाल्यावर भावाच्या नावे बक्षीसपत्र करून टाकण्याची युक्ती जुनी आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३९ याच प्रसंगासाठी आहे: मिळकत फुकट दिलेली असेल तर ती घेणाऱ्याविरुद्धही पोटगीचा हक्क बजावता येऊ शकतो.

८. मी नोकरी करते. मला पोटगी मागता येते का?

मागता येते, मिळेलच असं नाही. तुमच्या आणि त्याच्या उत्पन्नात फार तफावत असेल, तुमच्या पगारात लग्नानंतरचं राहणीमान टिकत नसेल, तर फरकापुरती रक्कम कोर्ट देतं. दोघांचा पगार जवळजवळ सारखा असेल आणि मुलं नसतील तर फारशी आशा ठेवू नका.

'एम.ए. बी.एड. आहे, म्हणजे कमवू शकते' हा युक्तिवाद हमखास येतो. कमावण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. दहा वर्षं घर आणि मुलं सांभाळलेल्या बाईला उद्या सकाळी शाळेत नोकरी लागत नाही. फक्त एक करू नका: शिकवण्या किंवा शिवणकामातून येणारे चार-पाच हजार लपवू नका. समोरच्याने ते उघड केले की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते.

९. बायकोचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. नवऱ्याला पोटगी मिळते का?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ मध्ये 'पती किंवा पत्नी' असंच लिहिलं आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या न्यायालयाचा आदेश कायम केला होता. त्यात शिक्षिका असलेल्या पत्नीने घटस्फोटित पतीला दरमहा ३,००० रुपये तात्पुरती पोटगी द्यायची होती. कलम १४४ आणि विशेष विवाह कायद्यात मात्र नवऱ्याला हा हक्क नाही. आणि धडधाकट असून काम न करणाऱ्याला प्रश्न ६ मधलं उत्तर इथेही लागू पडतं.

१०. मुलांची पोटगी आईच्या पोटगीतच धरतात का? किती वयापर्यंत मिळते?

वेगळी धरतात, वेगळीच मागा. अर्जात मुलाचं नाव स्वतंत्र अर्जदार म्हणून घाला आणि त्याचा खर्च वेगळा दाखवा: फी, गणवेश, स्कूल बस, दवाखाना, क्लास. आईचा हक्क काही कारणाने नाकारला गेला किंवा पुढे संपला, तरी मुलाचा चालू राहतो. आईवडिलांचं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं याचाही मुलाच्या हक्काशी संबंध नाही.

कलम १४४ खाली मुलगा असो की मुलगी, १८ वर्षांपर्यंत. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या अपत्याला त्यानंतरही. हिंदू मुलीच्या बाबतीत १९५६ च्या कायद्याचं कलम २० पुढे जातं: अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर लग्न होईपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा फरक नीट मांडला, म्हणजे मुलगी १८ ची झाली की '१४४' ऐवजी या कलमाचा आधार घ्यायचा.

खरी अडचण मुलग्याच्या कॉलेजची. इंजिनिअरिंगची फी नेमकी अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होते. म्हणून संमतीने घटस्फोट होत असेल तर 'शिक्षण पूर्ण होईपर्यंत फी वडील भरतील' हे कलम करारात घालूनच घ्या. नंतर त्यासाठी भांडणं फार अवघड जातं.

११. ती मुलांना भेटू देत नाही. मी पोटगी थांबवली तर चालेल का?

नाही. आणि उलटही नाही: पोटगी थकली म्हणून आईने भेट अडवायची नाही. भेट हा मुलाचा हक्क, पोटगी हाही मुलाचा हक्क. भेटीचा आदेश मोडला जात असेल तर त्याची तक्रार त्याच कोर्टात वेगळ्या अर्जाने करा. पैसे बंद केलेत तर भेटीच्या अर्जाच्या दिवशी न्यायाधीश पहिला प्रश्न थकबाकीचा विचारतील.

आई कमावती असेल तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो. वडिलांचा वाटा त्याने शून्य होत नाही.

१२. एकरकमी घ्यावी की दरमहा?

समोरचा माणूस कसा आहे त्यावर. सरकारी नोकरी, पगार ठरलेला, तर दरमहा सुरक्षित, कारण पगारातून वसूल होते. धंदा, फिरती, परदेशाची शक्यता असेल तर एकरकमी बरी. दरमहा घेत असाल तर दर वर्षी किंवा दोन वर्षांनी ठरावीक टक्के वाढ करारातच लिहून घ्या. २०२५ मधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ दिली होती.

एकरकमी रकमेचे टप्पे पाडून घेण्याचा रिवाज आहे: काही भाग संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दाखल करताना, उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने. पुढच्या तारखांचे चेक घेऊन अंतिम सही करून देऊ नका. मुलाचे पैसे त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला लावा.

कराचं थोडक्यात: दरमहा येणारी पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची मानतात म्हणून ती धरली जात नाही. हा भेद मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालावर उभा आहे. देणाऱ्याला दोन्हींत वजावट नाही.

१३. घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये ६,००० मिळतात. '१४४' मध्ये १०,००० मंजूर झाले. एकूण १६,००० का?

नाही. नंतरच्या कोर्टाला आधीचा आदेश सांगणं बंधनकारक आहे आणि कोर्ट आधीची रक्कम वळती करतं. या उदाहरणात एकूण १०,०००. दोन वेगवेगळे अर्ज करायला मनाई नाही, एक लपवून दुसरा करायला आहे.

१४. संमतीने घटस्फोट घेताना 'मला काही नको' असं लिहून दिलं. आता मागता येईल का?

इथे घाईने हो किंवा नाही म्हणता येत नाही. संमतीने घटस्फोट झाला म्हणून हक्क आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. '१२५' खालची पोटगी कधीच मागणार नाही असा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचं मुंबई उच्च न्यायालयाचंही मत आहे. म्हणजे रिकाम्या हाताने लिहून दिलं असेल तर दार पूर्ण बंद नसतं.

पण ठरलेली एकरकमी रक्कम घेऊन, कोर्टासमोर कबुली देऊन हुकूमनामा झाला असेल, तर पुन्हा मागणं जवळपास अशक्य. शिवाय घटस्फोटानंतर स्वखुशीने हक्क सोडल्यास आधीचा आदेश रद्द करता येतो अशीही तरतूद आहे. म्हणून 'नंतर बघू' म्हणून सही करू नका.

मुलाच्या वतीने त्याचा हक्क आईला सोडता येत नाही. तसं लिहून दिलं असलं तरी मुलासाठी अर्ज करा.

१५. आदेश झाला, पण तो एक पैसाही देत नाही. पुढे काय?

सगळ्यात जास्त प्रश्न यावर येतात.

कलम १४४ चा आदेश असेल तर वसुलीचा अर्ज करायचा. कोर्ट आधी जप्तीचं वॉरंट काढू शकतं, आणि तरीही न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी माफ होत नाही. ती तशीच देणं राहते.

इथे एक मुदत आहे आणि ती चुकवणाऱ्या फार जणी आहेत: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज हवा. 'तीन वर्षांचे एकदम मागू' म्हणून थांबलात तर या मार्गाने जुने महिने अडकतात. दहा-अकरा महिने झाले की नवा अर्ज, असा नेम ठेवा.

हिंदू विवाह कायद्याखालच्या आदेशाची दिवाणी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते. पगार जप्त करताना पोटगीसाठी कायदा जास्त कडक आहे: इतर देण्यांमध्ये पगाराचा बराचसा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर मालकानेच पगारातून कापून थेट द्यावं असा आदेश मागता येतो. त्यासाठी सध्याच्या कंपनीचं नाव आणि पत्ता हवा, तेव्हा नोकरी बदलल्याचं कानावर आलं की लगेच वकिलांना कळवा.

वरच्या कोर्टात त्याने अपील केलं म्हणजे देणं थांबत नाही. स्थगिती मिळाली तरी कोर्ट बहुतेकदा थकबाकीतला काही भाग आधी भरायला लावतं.

१६. मी दर महिन्याला रोख देतो, मुलाची फीही भरतो. तरी तिने थकबाकीची केस केली.

रोख दिलेलं सिद्ध करणं तुमच्यावर आहे, आणि मेहुण्याच्या हातात दिलेल्या पाकिटाची पावती नसते. आजपासून फक्त बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. फी, मोबाइल, सायकल, वाढदिवसाचे कपडे हे आपणहून केलेले खर्च आदेशाच्या रकमेतून आपोआप वजा होत नाहीत. फी थेट शाळेत भरायची असेल तर तसा बदल आदेशात करून घ्या.

१७. ठरलेली रक्कम नंतर वाढते किंवा कमी होते का?

परिस्थिती बदलली हे दाखवलं तर दोन्ही होतं. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ किंवा हिंदू विवाह कायद्याचं कलम २५(२). मूल बालवाडीतून दहावीला गेलं, नवऱ्याला वेतन आयोग लागला, ही वाढीची कारणं. नोकरी खरोखर गेली, मोठं आजारपण आलं, ही कमी करण्याची. आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम भरायचीच, मनाने कमी करायची नाही.

१८. तिने दुसरं लग्न केलं. किंवा मी केलं. मग पोटगीचं काय?

तिने केलं तर तिची पोटगी बंद होते, पण त्यासाठी अर्ज करून आदेश रद्द करून घ्यावा लागतो. मुलांची चालूच. सावत्र वडील आले म्हणून जन्मदात्याची जबाबदारी जात नाही.

तुम्ही केलं तर पहिलीची पोटगी तशीच राहते. नव्या संसाराचा खर्च कोर्ट थोडाफार विचारात घेतं, त्याहून जास्त अपेक्षा धरू नका.

१९. ती स्वतःहून घर सोडून गेली, नांदायला येत नाही. तरी द्यायची का?

पुरेशा कारणाशिवाय नांदायला नकार दिला तर कलम १४४ खाली पत्नीचा हक्क जातो हे खरं. पण मारहाण, हुंड्याचा तगादा, दुसरी बाई ही पुरेशी कारणं आहेत. नुसता नांदायला येण्याचा हुकूमनामा हातात आहे म्हणून पोटगी आपोआप थांबत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं. आणि घर सोडल्याच्या कारणावरून घटस्फोट मिळाला असला, तरी घटस्फोटित पत्नी म्हणून ती '१४४' खाली मागू शकते.

व्यभिचाराचा आरोप बरेच जण ठोकून देतात. कायद्याला 'व्यभिचारात राहणं' अपेक्षित आहे, म्हणजे सातत्य. दोन फोटो आणि एक चॅट यावर सहसा भागत नाही.

२०. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी झाली आहे. मी घटस्फोटित आहे का?

बहुतेकदा नाही. नोटरीचा शिक्का असला तरी नाही. काही समाजांत काडीमोडीची रूढी कायदा मानतो, पण ती प्राचीन आणि सतत पाळली गेलेली आहे हे कोर्टात पुराव्याने दाखवावं लागतं. तसं नसेल तर तुम्ही कायद्याने अजून पत्नीच आहात, आणि त्या कागदावर 'पोटगीचा हक्क सोडला' लिहिलं असलं तरी अर्ज करा.

२१. लग्नानंतर कळलं, त्याची पहिली बायको हयात आहे. माझं लग्नच बेकायदेशीर आहे म्हणतात.

त्याने पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर तो त्याच बेकायदेशीरपणाचा फायदा घेऊ शकत नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा स्त्रीला '१२५' खाली पत्नी मानलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पुढे गेलं: रद्दबातल ठरलेल्या विवाहातही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली पोटगी देता येते. अशा स्त्रीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालात वापरलेल्या अवमानकारक शब्दांवर त्याच वेळी कडक ताशेरेही ओढले. पहिल्या लग्नाची पूर्ण कल्पना असताना लग्न केलं असेल तर मात्र बाजू कमकुवत होते.

२२. मी मुस्लिम आहे. इद्दतनंतर पोटगी मिळत नाही असं सांगितलं जातं.

चुकीचं सांगितलं जातं. इद्दत म्हणजे घटस्फोटानंतर पुन्हा लग्न न करता थांबायचा ठरावीक काळ. १९८५ चा शाहबानो निकाल (घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला '१२५' खाली पोटगी देणारा), त्यानंतर आलेला घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांचा १९८६ चा कायदा, आणि त्या कायद्याचा २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लावलेला अर्थ असा हा प्रवास आहे. इद्दतच्या काळात द्यायची असली तरी तरतूद पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी, असं तेव्हा ठरलं. १० जुलै २०२४ रोजी याच न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्री '१२५' खालीही मागू शकते. मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम, हा वेगळा हक्क.

२३. आम्ही गोव्याचे. आम्हाला हिंदू विवाह कायदा लागत नाही ना?

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी करार केला नसेल तर मिळकत दोघांची सामाईक धरतात आणि घटस्फोटात निम्मा वाटा निघतो. तो वाटा म्हणजे पोटगी नव्हे. पोटगीसाठी कलम १४४ आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा गोव्यातही लागू आहेत.

२४. नवरा परदेशात आहे, नोटीस घेत नाही.

अर्ज इथेच करा. मुद्दाम नोटीस टाळतो हे दिसलं तर कोर्ट एकतर्फी आदेश देऊ शकतं. तो रद्द करून घ्यायला त्याला तीन महिन्यांची मुदत असते. वसुलीसाठी आधी त्याची भारतातली मिळकत शोधा: फ्लॅट, बँक खाती, वडिलोपार्जित हिस्सा. अटक वॉरंट निघालं असेल तर पासपोर्ट जप्तीसाठी पासपोर्ट अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. भारतीय आदेश परदेशात बजावणं प्रत्येक देशाच्या कायद्यावर ठरतं. तुम्ही आणि मूलही तिकडेच राहत असाल तर तिथल्या कायद्याने मुलाची पोटगी मागणं बहुधा जलद होतं.

२५. पोटगी देणारा माजी नवरा वारला. आता?

त्याच्या मृत्यूपर्यंतची थकबाकी त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीतून मागता येते. पुढची पोटगी मिळकतीवर बोजा चढवलेला असेल तरच खऱ्या अर्थाने हातात राहते (प्रश्न ७). घटस्फोटित पत्नी त्याची वारस नाही, कुटुंब निवृत्तिवेतनही तिला मिळत नाही. मुलं मात्र वारस आहेत. वारस दाखला, भविष्यनिर्वाह निधी आणि सरकारी नोकरी असल्यास कुटुंब निवृत्तिवेतन यांसाठी मुलांच्या नावे त्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.